परदेशी पदवीला भारतात मान्यता : प्रवेशापूर्वी काय तपासावे?

परदेशी विद्यापीठाची पदवी भारतात सरकारी नोकरी किंवा पुढील शिक्षणासाठी चालेल का, हे केवळ विद्यापीठाच्या नावावरून कळत नाही. ती कोणत्या मार्गाने मिळाली, हे पाहिले जाते. शुल्क भरल्यावर मार्ग बदलता येत नाही. म्हणून आधी तपासावे.

मान्य मार्ग

१. परदेशात जाऊन घेतलेली पदवी : तिला समकक्षता प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते भारतीय विद्यापीठ संघ देत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) एप्रिल २०२५ च्या विनियमांनुसार आता आयोगाच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. संस्थेला तिच्या देशात मान्यता असावी आणि प्रवेशाची पात्रता भारतातील तशाच अभ्यासक्रमासारखी असावी. संस्थेची शाखा तिसऱ्या देशात असेल, तर दोन्ही देशांचे नियम पाळलेले असावेत. वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, विधी व वास्तुशास्त्र यांसाठी संबंधित परिषदेचे नियम लागू होतात.

२. भारतीय व परदेशी संस्थांचा सहयोगी अभ्यासक्रम : ट्विनिंग, संयुक्त किंवा दुहेरी पदवी. हा २०२२ च्या विनियमांनुसार असल्यास वेगळी समकक्षता लागत नाही. ऑनलाइन व दूरशिक्षण अभ्यासक्रम यात येत नाहीत.

३. परदेशी विद्यापीठाची भारतातील शाखा : २०२३ च्या विनियमांनुसार यूजीसीची परवानगी असल्यास समकक्षता लागत नाही. नवी मुंबईतील शाखांसाठी जून २०२५ मध्ये पाच विद्यापीठांना इरादापत्रे मिळाली. इरादापत्र म्हणजे अंतिम परवानगी नव्हे. प्रवेशावेळी परवानगीची खात्री करावी.

काय चालत नाही?

परदेशी विद्यापीठाच्या नावाने दुसऱ्याच संस्थेने किंवा कंपनीने चालवलेला फ्रँचायझी अभ्यासक्रम. शिक्षण कंपन्यांच्या अशा जाहिरातींबाबत यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना सावध केले होते. अशा पदवीला मान्यता नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मी बेंगळुरूत एचएसआर लेआउटमध्ये काम करतो. जवळच्या एका कंपनीत परदेशी एमबीएसाठी समुपदेशन झाले. हप्ता सुरू करू का?
उत्तर : आधी तीन गोष्टी लेखी मागा : पदवी कोण देणार, शिकवणार कोण, आणि यूजीसीच्या कोणत्या विनियमाखाली. लेखी उत्तर न मिळाल्यास पैसे भरू नका, कर्जाच्या कागदांवर सहीही करू नका. अभ्यासक्रम अमान्य ठरला तरी कर्ज आपल्याच नावावर राहते.

प्रश्न : कॉलेजला नॅकची चांगली श्रेणी आहे. तेवढे पुरेसे आहे का?
उत्तर : नाही. बेंगळुरूस्थित नॅक भारतीय संस्थेचे मूल्यांकन करते. परदेशी भागीदार किंवा त्याची पदवी यांची हमी त्यातून मिळत नाही.

प्रश्न : अशा अभ्यासक्रमाला राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मिळते का?
उत्तर : नाही. केंद्राची ही योजना अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांना परदेशात जाऊन पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करण्यासाठी आहे. भारतात राहून केलेल्या अभ्यासक्रमाला ती लागू नाही.

जपून ठेवा : प्रवेशपत्र, शुल्काच्या पावत्या, जाहिरात, समुपदेशकाचे संदेश, सर्व गुणपत्रके. समकक्षतेचा अर्ज किंवा तक्रार करताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.