धोंडू, केरबा आणि नकोशी

आज मुलाचे नाव ठेवायचे म्हटले की बारशाच्या कितीतरी आधीपासून आईबाप नव्या नावाच्या शोधात असतात. आळीत दुसऱ्या कोणाचे नसेल असे ते हवे असते. उलट घरच्या जुन्या कागदांत आजोबा-पणजोबांची नावे पाहावीत, तर धोंडू, दगडू, केरबा, कोंडिबा, उकिरडा अशी भेटतात आणि आपल्याला हसू येते. ही नावे अडाणीपणाने ठेवली, असा आपला समज. तो खरा आहे काय, एवढाच आजचा प्रश्न.

या प्रश्नाचा आरंभ आपल्या धाराशिवापासूनच करता येतो. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्याचा नायक राजा करकंड तेरापूरला येतो आणि जवळच्या डोंगरातील लेणी पाहतो. ते तेरापूर म्हणजे आपले तेर व ती लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, असे डॉ. हिरालाल जैन यांनी प्रतिपादन केले. आता या राजाच्या नावाचा अर्थ पाहा. कर म्हणजे हात, कंडू म्हणजे खाज. चंपेच्या राणीच्या पोटचा हा मुलगा श्मशानात जन्मला, मातंगाच्या घरी वाढला आणि हाताच्या खाजेवरून त्याचे नाव पडले. पुढे तो राजा झाला तरी नाव तेच राहिले!

ही झाली कथा. पण टाकलेले मूल उचलून वाढवण्याचा तो प्रसंग आपल्या खेड्यांत खरोखरच घडवून आणीत. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मलेल्या पाच मुलांपैकी सुमारे एक वर्षाच्या आत दगावे. ज्या घरात लागोपाठ मुले जात, तेथे नवे मूल केरात किंवा उकिरड्यावर क्षणभर ठेवायचे, शेजारणीने ते उचलायचे आणि आईने पसाभर धान्य देऊन परत विकत घ्यायचे. असे मूल केरबा किंवा उकिरडा होई. कोंड्याच्या मोलाने घेतलेला कोंडिबा. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवले की तो नथू. धोंड्यासारखा टिकावा म्हणून धोंडू. हेतू एकच : दृष्ट लागू नये, मृत्यूने ही टाकाऊ वस्तू समजून पुढे जावे. धोंडू हे काही केवळ गरिबाघरचे नाव नव्हे. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते, आणि शंभरी पार केलेले महर्षी कर्वे धोंडो केशवच होते.

काही नावे नवसाची. तुळजापूरच्या देवीवरून तुळजाराम, तेरच्या संतावरून गोरोबा. कुंथलगिरीहून मोक्षाला गेलेल्या मुनींची कुलभूषण व देशभूषण ही नावे जैन घरांत आढळतात. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे सांगतात. नाव ठेवताना कृतज्ञता धर्म पाहत नसे.

परंतु प्रत्येक वाईट नावामागे मायाच असते असे नाही. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताने आपल्या तीन मुलांची नावे कुत्र्याच्या शेपटीवरून ठेवली. त्यांतला मधला शुनःशेप शंभर गाईंना बळीसाठी विकला. आपल्याकडे मुलीवर मुलगी झाली की नकोशी, नकुसा. केरबा आणि नकोशी ही नावे ऐकायला सारखीच हिणकस. पण एक मूल जगावे म्हणून ठेवलेले, दुसरे ते नको होते म्हणून. पहिले काळाला फसवण्यासाठी होते, दुसरे त्या पोरीला आयुष्यभर ऐकवण्यासाठी.

शुनःशेप सुटला तेव्हा विश्वामित्राने त्याला पुत्र मानून ‘देवरात’, म्हणजे देवांनी दिलेला, असे नाव दिले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. फार जुन्या न्यायाची ती पुनरावृत्तीच होती.

तेव्हा घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एकदा विचारा : पणजोबांचे नाव केरबा का? त्यांच्या आधी किती भावंडे गेली? उत्तर मिळेल तर लिहून ठेवा. ज्या भावंडांना नाव मिळण्याइतकेही आयुष्य लाभले नाही, त्यांची नोंद त्या एका नावाखेरीज दुसरीकडे कोठेही नाही.