सर्व्हरच्या समूहालाही हवा 'गेज'
सर्च सर्व्हरच्या क्लस्टरमधील नोडची स्वयंचलित तपासणी : एक ओळख

भोसरी असो वा चाकण, कोणत्याही यंत्रशाळेत 'गो-नो गो गेज' परिचयाचा असतो. भोक पाडलेला सुटा भाग हाती घ्यायचा. गेजचे एक टोक त्यात गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर भाग पुढच्या टप्प्यावर जातो, अन्यथा लाल पेटीत. येथे अंदाजाला वाव नाही आणि तपासणाऱ्याच्या अनुभवावरही काही अवलंबून नाही. हाच विचार आता कारखान्याच्या माहितीचा शोध घेणाऱ्या संगणकांनाही लागू झाला आहे.

१९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि १९६२ मध्ये अस्तित्वात आलेली एमआयडीसी यांच्यापासून पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाला गती मिळाली. पुढे चाकणला १९९९ मध्ये बजाजचा, तर २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प आले. शेजारी हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आपल्या 'सेंट्रल इंडिया' या क्लाउड विभागासाठी पुण्याची निवड केली. सुटे भाग आणि सर्व्हर अशा रीतीने एकाच पट्ट्यात नांदू लागले. वाहन उद्योगात कोणत्या खेपेतील भाग कोणत्या गाडीत बसला, याची नोंद ठेवावी लागते. अशा लाखो नोंदींमधून नेमकी नोंद क्षणात शोधून देण्याचे काम सर्च सर्व्हर करतो.

क्लस्टर आणि नोड

'क्लस्टर' हा शब्द चिंचवडच्या रहिवाशांना तेथील 'ऑटो क्लस्टर'मुळे ठाऊक आहे. संगणकाच्या क्षेत्रात त्याचा अर्थ एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा समूह असा होतो. समूहातील प्रत्येक सर्व्हरला 'नोड' म्हणतात. पुस्तकाच्या अखेरीस शब्दसूची असते, तशी सूची सर्च सर्व्हर सर्व नोंदींसाठी तयार करतो. ही सूची मोठी झाली की तिचे तुकडे करून ते वेगवेगळ्या नोडवर ठेवले जातात आणि प्रत्येक तुकड्याची एखादी प्रत दुसऱ्या नोडवर राखली जाते. एक नोड बंद पडला तरी शोध सुरू राहावा, हा त्यामागील हेतू.

या क्षेत्रातील बहुतेक परिचित प्रणालींचा पाया 'ल्युसीन' हा आहे. डग कटिंग यांनी ते खुले केले. त्यावर आधारलेली 'सोलर' ही प्रणाली २००६ मध्ये अपाची संस्थेकडे आली. 'इलॅस्टिकसर्च' २०१० मध्ये, तर तिच्यातून वेगळी झालेली 'ओपनसर्च' २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रत्येक नोडला समूहाचे नाव काय, सोबती कोण, स्मृती किती वापरायची, नेतृत्वासाठी तो पात्र आहे की नाही, अशा सूचना द्याव्या लागतात. या सूचनांच्या संचाला कॉन्फिगरेशन म्हणतात. त्यातील बराच भाग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि खरा धोका तेथेच दडलेला असतो.

न दिसणारी चूक

यंत्र बंद पडले तर ते दिसते. कॉन्फिगरेशनमधील चूक मात्र अनेकदा दिसतच नाही. समजा, तीन नोडचा एक समूह आहे. भांडाराच्या शोधात 'पाना' लिहिले तरी 'स्पॅनर' सापडावा, म्हणून समानार्थी शब्दांची फाइल प्रत्येक नोडवर ठेवली आहे. ही फाइल नव्याने भरताना दोनच नोडवर बदलली गेली आणि तिसरा राहिला. आता तोच प्रश्न एकदा विचारला तर माल आहे असे उत्तर येते आणि पुन्हा विचारला तर नाही असे. उत्तर कोणता नोड देतो, यावर सारे अवलंबून राहते. त्रुटीचा संदेश कोठेच उमटत नाही.

याहून गंभीर शक्यता अपुऱ्या उत्तराची आहे. सूचीचा एखादा तुकडा उपलब्ध नसेल, तर इलॅस्टिकसर्च मूळ मांडणीनुसार उरलेल्या तुकड्यांतून सापडलेल्या नोंदी परत करते. किती तुकडे वाचता आले नाहीत, हा आकडा उत्तरासोबत येतो; पण तो वापरणाऱ्याच्या पडद्यावर दाखवला जाईलच असे नाही. सदोष खेपेतील भाग बसवलेल्या गाड्या शोधताना यादीत काही गाड्या कमी आल्या, तर त्या गाड्यांच्या मालकांना बोलावणेच जाणार नाही.

तिसरा प्रकार समूह दुभंगण्याचा. नोडमधील संपर्क तुटला की दोन गट आपापला नेता निवडतात आणि वेगवेगळ्या नोंदी स्वीकारू लागतात. हे टाळण्यासाठी नेता निवडताना बहुमताची अट असते. इलॅस्टिकसर्चच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बहुमताचा आकडा हाताने लिहावा लागे. तीन नोडसाठी तो दोन. पुढे समूह पाच नोडचा झाला आणि आकडा दोनच राहिला, तर दोन आणि तीन अशा दोन्ही गटांना 'बहुमत' मिळते. संपर्क तुटेपर्यंत ही चूक उघडकीस येत नाही. २०१९ मधील ७.० या आवृत्तीपासून हा आकडा प्रणाली स्वतः सांभाळते.

तपासणीचे चार टप्पे

नोडची स्वयंचलित तपासणी साधारणपणे चार टप्प्यांत होते.

पहिला टप्पा फाइलच्या वाचनाचा. शब्द बरोबर आहेत का, आकडे मर्यादेत आहेत का, परस्परविरोधी सूचना नाहीत ना, हे सर्व्हर सुरू न करता पाहिले जाते. २०१६ मधील ५.० या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्चच्या फाइलमध्ये अनोळखी सूचना आढळल्यास नोड सुरूच होत नाही. त्यापूर्वी एखादे अक्षर चुकले, तर ती सूचना मुकाट्याने दुर्लक्षिली जाण्याची भीती असे.

दुसरा टप्पा नोड सुरू होतानाचा. ऑपरेटिंग सिस्टिमने पुरेशा फाइल उघडण्याची मुभा दिली आहे का, स्मृतीच्या नकाशांची मर्यादा किमान २,६२,१४४ आहे का, अशा अटी पाहिल्या जातात. येथे एक गोम आहे. नोड केवळ स्वतःशीच जोडलेला असेल, तर या अटी मोडल्यावर फक्त इशारा मिळतो. तो नेटवर्कवरील इतरांशी जोडला की त्याच अटींवर तो अडवला जातो. म्हणूनच 'माझ्या लॅपटॉपवर चालते' हे प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष वागणुकीचा. तात्पुरता समूह उभारायचा, मोजक्या माहितीच्या नोंदी भरायच्या, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि अपेक्षित उत्तरांशी पडताळायचे. मग एक नोड मुद्दाम बंद करून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. समूहाची प्रकृती हिरवा, पिवळा व लाल या रंगांत कळते. पिवळा म्हणजे मूळ तुकडे जागेवर आहेत, पण काही प्रती नाहीत. पिवळ्यालाच 'उत्तीर्ण' मानणारी चाचणी प्रतींविना चाललेला समूह बिनदिक्कत पुढे पाठवते. काइल किंग्सबरी यांनी २०१४ मध्ये 'जेपसेन' या साधनाद्वारे संपर्क मुद्दाम तोडून इलॅस्टिकसर्चची परीक्षा घेतली. प्रणालीने स्वीकारल्याचे कळवलेल्या नोंदीही काही वेळा गहाळ होतात, असे त्यातून दिसून आले.

चौथा टप्पा सतत चालणारा. आज एकसारखे असलेले नोड काही महिन्यांत वेगळे होतात. रात्री-अपरात्री एका सर्व्हरवर तातडीची दुरुस्ती केली जाते आणि ती इतरांवर करायची राहून जाते. त्यामुळे ठरलेला नमुना आणि प्रत्यक्ष नोड यांची नियमित तुलना करावी लागते. पपेट (२००५) आणि अ‍ॅन्सिबल (२०१२) ही साधने नोड ठरलेल्या नमुन्याबरहुकूम राखण्यासाठीच प्रचारात आली.

आठांपैकी एक

हे सारे अतिदक्षतेचे वाटत असेल, तर अमेरिकेतील 'नाइट कॅपिटल' या दलाली पेढीचे उदाहरण आठवावे. तेथे प्रश्न शोधाचा नव्हता, शेअरच्या सौद्यांचा होता. परंतु चुकीची जात हीच. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातच सर्व्हरवर चढला. दुसऱ्या कोणी खातरजमा केली नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडल्यावर आठव्या सर्व्हरवरील जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत पेढीला ४४ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, एवढे पाहणारी छोटीशी चाचणी येथे पुरली असती.

गेजचाही गेज

तथापि, चाचणी आहे म्हणून निर्धास्त राहणेही घातक ठरते. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक'ची एक सदोष फाइल जगभर पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाइल विनातपासणी गेली नव्हती. तिची तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता.

यावरचा उपाय संगणकशास्त्राच्या ग्रंथात शोधण्याची गरज नाही. तो या पट्ट्यातील यंत्रशाळांना पूर्वीपासून ठाऊक आहे. वापराने गेज झिजतो, म्हणून त्याचे ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशन होते. तपासणीची व्यवस्था जागी आहे ना, हे पाहण्यासाठी मुद्दाम सदोष नमुना तिच्यापुढे ठेवला जातो. सर्व्हरच्या चाचणीलाही अधूनमधून चुकीचे कॉन्फिगरेशन द्यावे. तिने ते नाकारले तरच तिच्या होकारावर विसंबता येते.