आलमूतची खोटी जन्नत आणि 'असॅसिन्स क्रीड'

२००७ साली 'असॅसिन्स क्रीड' हा व्हिडिओ गेम आला. तो सुरू होताना पडद्यावर एक सूचना येते: हे ऐतिहासिक घटनांवरून रचलेलं कल्पित आहे आणि वेगवेगळ्या धर्मांच्या, श्रद्धांच्या लोकांनी मिळून ते बनवलंय, अशा अर्थाची. ही खबरदारी का घेतली ते उघड आहे. गेममधलं साल ११९१, म्हणजे तिसऱ्या क्रुसेडचा काळ. शहरं दमिश्क, जेरुसलेम, अक्का. नायक अल्ताईर इब्न ला-अहद, मस्याफच्या किल्ल्यावरचा मारेकरी. उर्दू जाणणाऱ्याला या नावातली गंमत लगेच कळते. ताइर म्हणजे पक्षी, ला-अहद म्हणजे कुणीही नाही. कुणाचंच लेकरू नसलेलं पाखरू! त्याच्या गुरूचं नाव अल मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. आमच्या पेशाचं नाव नेमकं खलनायकाला दिलं, याबद्दल माझी किरकोळ तक्रार आहे.

मस्याफ खरंच आहे, सीरियात. बाराव्या शतकात तो निझारी इस्माईलींचा किल्ला होता आणि त्यांचा तिथला प्रमुख होता रशीदुद्दीन सिनान. सलाहुद्दीनने ११७६ साली या किल्ल्याला वेढा घातला आणि मग उठवला. इथपर्यंत इतिहास. पण गेमची गोष्ट इतिहासापेक्षा दंतकथेवर जास्त उभी आहे.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. शत्रू किल्ल्याखाली आलेला असतो. आपली माणसं मरणाला भीत नाहीत हे दाखवायला अल मुअल्लिम अल्ताईरला आणि आणखी दोघांना बुरुजावरून उडी मारायला सांगतो. गेममध्ये खाली गवत असतं, म्हणून नायक वाचतो. ही उडी क्रुसेडर्सच्या गोष्टींतून आलीय. शांपेनचा हेन्री इस्माईलींच्या किल्ल्यावर पाहुणा गेला, तेव्हा प्रमुखाच्या एका खुणेसरशी फिदाईंनी तटावरून उड्या टाकून जीव दिला, अशी कथा युरोपात फिरत होती. त्या कथेत गवत नव्हतं.

शेवटची लढाईही किल्ल्यामागच्या बागेत होते. ही बाग मार्को पोलोची. डोंगरातला म्हातारा तरुणांना गुंगीचं औषध देतो, फुलांच्या, सुंदर स्त्रियांच्या बागेत जागं करतो, पुन्हा बाहेर आणतो आणि सांगतो की परत जन्नतमध्ये जायचं तर अमक्याला मार. आता तारखा बघा. हसन सब्बाहने इराणातला आलमूतचा किल्ला १०९० साली घेतला. हुलागूच्या मंगोल फौजेपुढे तो १२५६ मध्ये पडला. पोलो व्हेनिसहून निघाला १२७१ मध्ये. म्हणजे त्याने जे सांगितलं ते ऐकीव.

याहून मोठा साक्षीदार जुवैनी. हा इतिहासकार हुलागूबरोबर आलमूतला होता आणि इस्माईलींचा कट्टर विरोधक होता. त्याने तिथलं ग्रंथालय तपासलं, कुरआनच्या प्रती आणि खगोलशास्त्राची उपकरणं बाजूला काढली, बाकीची त्यांच्या पंथाची पुस्तकं जाळायला लावली. किल्ल्यातली पाण्याची टाकी आणि कोठारं पाहून तो चकित झाला. पण बागेबद्दल एक अक्षर नाही. वैऱ्याला असली बाग सापडली असती तर त्याने ती लिहिल्यावाचून सोडली असती का? शिवाय हसन सब्बाहने दारू प्यायल्याच्या आरोपावरून स्वतःच्या मुलाला ठार करवलं, अशी नोंद आहे. असा करडा माणूस शिष्यांना चरस पाजत होता, हे मला पटत नाही.

'हशीशी' ही मुळात शिवी होती. इस्माईलींचे मुसलमान विरोधकच ती हलकट, बेदीन अशा अर्थाने वापरत. क्रुसेडर्सनी ती उचलली, तिचा 'असॅसिन' झाला आणि युरोपच्या भाषांत मारेकऱ्याला तेच नाव पडलं. त्यांनी राजकीय खून केले हे खरंच आहे. ११९२ साली टायरमध्ये माँफेराचा कॉनराड मारला गेला तो त्यांच्याच माणसांकडून. पण त्या काळात खून फक्त त्यांनीच केले, असं थोडंच आहे.

गेमचं सर्वांत जवळचं साहित्यिक मूळ म्हणजे व्लादिमिर बार्तोलची 'आलमूत' ही १९३८ सालची कादंबरी. बार्तोल स्लोव्हेनियन, त्रिएस्तेजवळ जन्मलेला. मुसोलिनीच्या राजवटीत त्याच्या लोकांची भाषा दडपली जात होती. म्हणून त्याचा हसन सब्बाह बोलतो इराणात, पण कान पकडतो युरोपातल्या हुकूमशहांचा. सत्य म्हणून काही नसतं, या अर्थाचं गेममधलं घोषवाक्यही या कादंबरीतून आलं. त्याआधी ते नीत्शेने या पंथाच्या नावावर टाकलं होतं.

उर्दूवाल्यांना मात्र बार्तोलची वाट पाहावी लागली नाही. अब्दुल हलीम शरर यांची 'फिरदौस-ए-बरीं' १८९९ सालची. हुसेन, जमुर्रद, खोटी जन्नत आणि आंधळ्या मुरीदीपायी आपल्याच वडीलधाऱ्याचा खून करणारा तरुण. कादंबरी म्हणून ती मला आजही बार्तोलइतकीच धारदार वाटते. पण आपल्याकडे कितीतरी वाचकांनी तिलाच इस्माईलींचा इतिहास मानलं. नववीतल्या मुलाने गेम खेळून "सर, ते चरस पिऊन मारायचे ना?" असं विचारलं, तर त्याला हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

कारण ज्यांच्याबद्दल हे बोललं जातं ते आपले शेजारी आहेत. निझारींचे इमाम, पहिले आगाखान हसन अली शाह, इराणातून मुंबईत येऊन स्थायिक झाले. १८६६ साली मुंबई हायकोर्टात खोजांचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्या निकालात आलमूतचीही चर्चा झाली. म्हणजे ही कहाणी गेममध्ये यायच्या कितीतरी आधी मुंबईच्या कोर्टात येऊन गेली होती. १८८१ साली आगाखान वारले. माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे.