गेलेल्या माणसाचा कारभारी

नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी केलेला माणूस गेला की तेरवीचं जेवण उरकून पाहुणे गाडीत बसायच्या आत एक प्रश्न निघतोच : "भाऊ, आता कागदं कोण पाहणार?" कागदं म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याची पॉलिसी, पतसंस्थेचं कर्ज, गावाकडच्या शेताचा सातबारा. थोरला मुलगा नाहीतर बँकेत असलेला जावई ते अंगावर घेतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते. कायद्यात मात्र याच कामाचं एक पद आहे, मृत्युपत्राचा व्यवस्थापक, कोर्टाच्या बोलीत एक्झिक्युटर. काम आपल्याकडे फार जुनं आहे. पद नवं, आणि ते मुंबईहून निघून नागपूरपर्यंत कधी नीट पोचलंच नाही.

याज्ञवल्क्य स्मृतीचा नियम असा की मेलेल्याची संपत्ती जो घेईल, त्याचं कर्जही त्यानेच फेडावं. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाचा, आणि महाराष्ट्रातलं वारसाचं शास्त्र मुख्यतः त्याच्यावर उभं आहे. मिताक्षरेप्रमाणे मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेचा भागीदार असतो. बाप गेला तरी कोणी कोणाला काही सोपवायचं उरत नाही. नवा कर्ता पुढे होतो, कारभार चालू राहतो. अशा घरात मृत्युपत्र कशाला, आणि ते अमलात आणणारा तरी कशाला? कर्ज मात्र मुलाच्या मानेवर. बापाने दारूसाठी किंवा जुगारासाठी काढलेलं कर्ज मुलाने फेडायचं नाही, एवढी सवलत स्मृतिकारांनी ठेवली होती. माणसांची पारख असल्याशिवाय असा नियम सुचत नाही. हे धर्मऋण इतकं चिवट निघालं की कोर्टात ते थांबवायला 2005 ची हिंदू वारसा दुरुस्ती यावी लागली.

नागपूरने वारसाचा प्रश्न राज्याच्या मापात भोगला. तिसरे रघूजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाला मान्यता न देता 1854 मध्ये राज्य खालसा केलं. राजघराण्यातल्या वृद्ध बांकाबाईंनी केलेला विरोध कोणी जुमानला नाही. हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेलं. मयताच्या दौलतीची मोजदाद करणारा आणि ती घेणारा एकच होता. हिशेब मागायला समोर कोणी नसलं की काय होतं, हे या शहराने तेव्हाच पाहिलं.

पुढे 1870 चा हिंदू विल्स ॲक्ट आला. तो लागू झाला बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखाला आणि मद्रास व मुंबई या शहरांना. नागपूर मध्य प्रांतात होतं, म्हणून बाहेर राहिलं. 1881 मध्ये प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहर घेण्याचा, कायदा झाला, 1925 मध्ये सगळं भारतीय उत्तराधिकार कायद्यात एकत्र आलं, पण ती जुनी सीमारेषा कलम 57 आणि 213 मध्ये तशीच उतरली. मुंबईतल्या हिंदूचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. कोराडीच्या कामठी तालुक्यात तशी सक्ती नव्हती. आपल्याकडचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात, कारण मुंबईचा भाचा फोनवरून मुंबईचा कायदा सांगतो.

या पदापायी माणसाची काय दशा होऊ शकते, ते ताई महाराज प्रकरणात दिसतं. पुण्याचे सरदार बाबा महाराज 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि लोकमान्य टिळकांना त्यात व्यवस्थापक नेमलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. सोबतीला जी मंडळी नेमली त्यांत अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. मित्र मरणाच्या दारात, इस्टेट कर्जात, आणि नाही म्हणायला तोंड नाही. अशाच क्षणी आपल्याकडे माणसं होकार देतात. बाबा महाराजांच्या पश्चात झालेला मुलगा थोड्याच महिन्यांत दगावला. जून 1901 मध्ये विधवा ताई महाराजांनी औरंगाबादला जगन्नाथ या मुलाला दत्तक घेतलं. मग त्यांचं मन फिरलं, त्यांनी कोल्हापूरचा दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि टिळकांचं प्रोबेट रद्द करावं म्हणून जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्याकडे अर्ज केला. ॲस्टन यांनी 1902 मध्ये प्रोबेट तर रद्द केलंच, वर टिळकांवर फौजदारी खटल्याची वाट मोकळी केली. 1903 मध्ये खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी, अपिलात ती सहा महिन्यांवर, आणि मार्च 1904 मध्ये उच्च न्यायालयात सुटका. दत्तकाचा दिवाणी दावा चालूच राहिला. मधल्या काळात टिळक मंडालेला जाऊन परत आले. 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, तो टिळकांच्या बाजूने. मृत्युशय्येवरच्या मित्राला दिलेला शब्द जवळजवळ अठरा वर्षं पुरला. टिळकांच्या चरित्रात हा भाग कंटाळवाणा म्हणून वाचक उलटून जातात. मला तर त्यांचा हट्टी स्वभाव इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

कोराडीच्या शेजारचं उदाहरण त्या मानाने सुखाचं आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 मध्ये सुमारे 35 लाख रुपयांची मालमत्ता उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला ठेवली. त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, ती 1942 मध्ये. देणाऱ्याचं नाव इमारतीवर येतं. मधली बारा वर्षं ज्यांनी कागद सांभाळले, त्यांची पाटी कुठे लागत नाही.

या भागात मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1951 मध्ये संपली आणि 1974 मध्ये कोराडीचं वीज केंद्र सुरू झालं. वारसाची वस्तूच बदलली. शेत होतं तोवर तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची, गाव नमुना 6-क मध्ये नोंद, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नावं, चावडीत सगळ्यांसमोर. पगारदार माणसाची ठेव मात्र नामनिर्देशनाच्या अर्जावर एका नावापुढे जाऊन बसते. ज्याचं नाव तोच मालक, असं घरात धरलं जातं. कालनिर्णयकार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सपुरतं स्पष्ट केलं, की नॉमिनी झाल्याने कोणी मालक होत नाही; वारसांचा हक्क राहतोच. नॉमिनीच्या हातात पैसा येतो, पण हिशेबाचा कायदा त्याच्यामागे लागत नाही. एक्झिक्युटरच्या मागे तो लागतो, आणि माझ्या मते पदाचं सगळं मोल त्यातच आहे.

मयताची देणी फेडण्याची उत्तराधिकार कायद्यातली क्रमवारी वाचण्यासारखी आहे. आधी अंत्यसंस्काराचा, ऐपतीला शोभेल असा, वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग कोर्टाचा. मग घरगडी, कारागीर, मजूर यांची मरणाआधीच्या तीन महिन्यांची मजुरी. नंतर इतर देणी, आणि सगळ्यांत शेवटी मृत्युपत्रात ज्यांना काही दिलं ते. याज्ञवल्क्याने हे वाचून मान डोलावली असती. अधिकार नसताना मालमत्तेत हात घालणाऱ्याला कलम 303 जबाबदार धरतं; पण मयताचं क्रियाकर्म, वस्तूंची राखण किंवा घरच्यांची तातडीची गरज यासाठी हात घातला तर नाही. तेरवीच्या किराण्यासाठी कपाट उघडणाऱ्या सुनेला हे कलम माहीत नसतं, तरी ते तिच्याच बाजूचं आहे.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कलम 213 काढून टाकलं. मुंबईकर आता नागपूरकरांच्या रांगेत आले, आणि वकिलांकडच्या चकरा वाचल्या म्हणून सगळे खूश आहेत. कलम 317 मात्र शिल्लक आहे. मालमत्तेची आणि देण्याघेण्याची पूर्ण यादी सहा महिन्यांत, जमाखर्च वर्षभरात, दोन्ही कोर्टात. पण ही मुदत मोजायची ती प्रोबेट मिळाल्या दिवसापासून. जो प्रोबेट मागायला जाणारच नाही, त्याच्याकडून ही यादी मिळवायची तर भावाबहिणींना स्वतःच दावा लावावा लागेल.