द्रुतगती गोलंदाजी, महाराष्ट्रातील

द्रुतगती गोलंदाजी, महाराष्ट्रातील : फलंदाजाला चेंडूचा अंदाज घेण्यास अपुरा वेळ मिळावा, या हेतूने वेगाने केलेली गोलंदाजी. अमेरिकेतील बेसबॉलमध्येही चेंडूफेकीचे तत्त्व हेच आहे. मात्र तेथे चेंडूफेक्या एका जागी उभा राहून १८·४४ मी. अंतरावरून कोपर वाकवून फेकतो व चेंडू जमिनीला न टेकता फलंदाजाकडे येतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज दुरून धावत येतो, हात सरळ ठेवतो व चेंडू सामान्यतः टप्पा घेऊन उसळतो. त्यामुळे वेगाइतकेच खेळपट्टीलाही महत्त्व येते. महाराष्ट्रातील द्रुतगती गोलंदाजीचा इतिहास प्रामुख्याने या खेळपट्टीच्या मर्यादेने घडविला आहे.

भारताच्या पहिल्याच कसोटीत (लॉर्ड्‌स, १९३२) महंमद निसार व अमरसिंग या वेगवान जोडीने इंग्लंडची आघाडीची फळी हादरविली होती. स्वातंत्र्यानंतर ही धुरा कोल्हापूरचे दत्तू फडकर (१९२५–८५) यांच्याकडे आली. त्यांनी ३१ कसोटींत ६२ बळी मिळविले व दोन शतकेही काढली. तथापि सावकाश व कोरड्या खेळपट्ट्यांवर नवा चेंडू लवकर फिरकी गोलंदाजांच्या हाती जावा, असाच संघांचा कल राहिला.

या परिस्थितीस ठळक अपवाद म्हणजे मुंबईचे रमाकांत देसाई (१९३९–९८). उंची सु. १·६३ मी. असल्याने ते ‘टायनी’ या नावाने ओळखले जात. १९५८–५९ या पहिल्याच रणजी मोसमात त्यांनी ५० बळी घेतले आणि त्याच मोसमात दिल्ली येथे बलाढ्य वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत पदार्पण करून एका डावात ४९ षटके टाकली. पाकिस्तानविरुद्धच्या १९६०–६१ च्या मालिकेत त्यांना २१ बळी मिळाले. हनीफ महंमद या चिवट सलामीवीराला त्यांनी चार वेळा बाद केले. २८ कसोटींत त्यांचे ७४ बळी आहेत. दुसऱ्या टोकाने तोलामोलाचा साथीदार क्वचितच लाभल्याने त्यांच्यावर कामाचा भार सतत पडत राहिला. १९६८ साली डनीडिन येथे न्यूझीलंडच्या डिक मोट्‌झचा उसळता चेंडू लागून त्यांचा जबडा मोडला, तरीही मैदान न सोडता त्यांनी बिशनसिंग बेदींसमवेत अखेरच्या गड्यासाठी ५७ धावांची भर घातली. भारताने परदेशातील आपला हा पहिला कसोटी विजय मिळविला. देसाईंची मात्र ही अखेरची कसोटी ठरली.

देसाईंच्या वेगाची यंत्राने घेतलेली नोंद नाही. वेगमापनाचा प्रघात पुढे बेसबॉलमधून रूढ झाला. तेथे १९७४ साली नोलन रायनच्या चेंडूफेकीचा वेग ताशी सु. १६२ किमी. नोंदला गेला. त्याच दशकात भारताची भिस्त चार फिरकी गोलंदाजांवर होती. नव्या चेंडूची लकाकी घालविण्यासाठी एकनाथ सोलकर व प्रसंगी सुनील गावसकर यांच्याकडे चेंडू दिला जाई. महाराष्ट्र संघाचे पांडुरंग साळगावकर वेगाबद्दल प्रसिद्ध असूनही अधिकृत कसोटी खेळू शकले नाहीत.

मद्रास येथे १९८७ मध्ये डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली द्रुतगती गोलंदाजांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाल्यावर चित्र पालटू लागले. श्रीरामपूरचे झहीर खान या केंद्रात तयार झाले. ९२ कसोटींत ३११ बळी घेणाऱ्या झहीर यांनी २०११ च्या विश्वचषकात २१ बळी मिळविले. नागपूरजवळच्या कोळसा खाणींच्या परिसरात वाढलेले उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळणारे विदर्भाचे पहिले खेळाडू ठरले. २०१७–१८ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाच्या रजनीश गुरबानी यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले व विदर्भाने करंडक प्रथमच जिंकला.

या क्रमावरून वेगाचे केंद्र मुंबईबाहेर सरकल्याचे दिसते. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या पारोळ्यासारख्या खानदेशातील तालुक्याच्या ठिकाणच्या होतकरू मुलाच्या दृष्टीने या बदलाला विशेष अर्थ आहे. वेगाची देणगी कोठेही जन्मास येते. तिला पोषक खेळपट्टी, शिस्तबद्ध प्रशिक्षण व शरीराची निगा लाभली नाही, तर ती अकाली संपते, हे देसाई व साळगावकर यांच्या कारकीर्दींवरून स्पष्ट होते.