टेकडीवरचे परीक्षक : एआरएआयची वाटचाल

पुणे–सोलापूर महामार्ग सोडून यवतहून भुलेश्वरकडे वळलेल्या मोटरसायकलींना हल्ली दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसतात. भार दोन बाजूंना टांगण्याची युक्ती दौंड तालुक्याला नवी नाही. आपल्याकडचा दूधवाला तेच करत आला आहे. 40 लिटरचा कॅन भरला, की नुसते दूधच 41 किलोच्या घरात जाते. पेट्या बनवणाऱ्या अनेक कंपन्या मात्र एका बाजूला 10 किलोच्या आसपासच मर्यादा घालतात. ही मर्यादा ठरते कशी, हे समजून घ्यायचे तर पुण्यातल्या एका संस्थेची वाटचाल पाहावी लागते.

ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, 1966 साली वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्यातून उभी राहिली. जागा मिळाली कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर. सकाळी फिरायला जाणारे पुणेकर त्या बाजूला 'एआरएआय टेकडी'च म्हणतात. आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को असा कारखान्यांचा पट्टा तेव्हा आकाराला येत होता. परीक्षकही जवळच असणे सोयीचे होते.

संस्थेने केलेले पहिले मोठे काम म्हणून मी इंडियन ड्रायव्हिंग सायकलचे नाव घेईन. आपल्या रस्त्यांवर वाहने प्रत्यक्ष कशी चालतात, याच्या नोंदी घेऊन 1980च्या दशकात 108 सेकंदांचे एक चक्र बसवले गेले. त्यात सर्वाधिक वेग ताशी 42 किलोमीटर. जाहिरातीतल्या 'एआरएआय प्रमाणित मायलेज'मागे दुचाकींच्या बाबतीत बरीच वर्षे हेच चक्र होते. चाचणी रोलरवर होते, त्यामुळे समोरून येणाऱ्या वाऱ्यात आडव्या पसरलेल्या पेट्या त्या आकड्यात कुठेच नसतात. पेट्या लावून मायलेज घसरले म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी संस्थेचे स्थान पक्के केले. नियम 126 नुसार नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेणे बंधनकारक झाले. त्या यादीत एआरएआयबरोबर अहिल्यानगरची (पूर्वीचे अहमदनगर) व्हीआरडीई आणि पुण्याचीच सीआयआरटीही आहे. पुढे टेकडी अपुरी पडली आणि चाकणला नवे केंद्र झाले. त्याच चाकणमध्ये बजाजच्या कारखान्यात केटीएम 390 ॲडव्हेंचर तयार होऊ लागली, 2020 मध्ये ती बाजारात आली आणि पेट्यांचा शौक हजारो तरुणांच्या आवाक्यात आला.

एआरएआयकडे सांगाड्याची ताकद आणि धातूचा थकवा तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. असल्या चाचणीची रीत अशी : वाहनाच्या सांगाड्यावर स्ट्रेन गेज चिकटवायचे, खराब रस्त्यावर ते पळवायचे, बसणाऱ्या ताणाची नोंद घ्यायची आणि प्रयोगशाळेतल्या हायड्रॉलिक यंत्रावर तेच धक्के रात्रंदिवस देत राहायचे. महिन्यांची झीज काही दिवसांत समोर येते. पेटीच्या बाबतीत ही चाचणी फार महत्त्वाची आहे. पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ते बहुधा तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान लहान धक्केही साठत जातात आणि एक दिवस वेल्डिंगच्या कडेला बारीक तडा दिसतो. शिवाय पेट्यांचे वजन मागच्या आसाच्या मागे गेले, तर पुढचे चाक हलके होते आणि जास्त वेगात गाडी डोलू लागते. म्हणजे पेटी एकटीच तपासून भागत नाही. पेटी, कॅरिअर आणि मागची सबफ्रेम हे सगळे एकत्र तपासावे लागते.

नियम मात्र आकारापाशीच घोटाळला आहे. 2020 साली नियम 123 मध्ये मोटरसायकलवरच्या हलक्या पेटीची तरतूद आली : लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटर, याहून मोठी नको. पेटी मागच्या सीटच्या जागी असेल, तर चालकाने एकट्यानेच जायचे. वाचताना घरपोच माल देणाऱ्यांचीच पेटी डोळ्यांपुढे येते. लडाखला निघालेल्याची नाही. याच नियम 123 ने मागच्या चाकाला संरक्षक आवरण सक्तीचे केले आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. आणि पेटीचे कॅरिअर बसवताना कित्येक जण आधी तेच काढून टाकतात!

टेकडीवरच्या या संस्थेला 2026 मध्ये साठ वर्षे होतात. धूर, ब्रेक, आवाज, अपघातातली सुरक्षा असे एकेक विषय तिने कसोटीवर घेतले. आता वाहनाला नंतर जोडल्या जाणाऱ्या पेट्यांसाठीही थकव्याची आणि स्थैर्याची सक्तीची चाचणी ठरवावी. ती येईपर्यंत पेट्या घेणाऱ्याने गाडीच्या पुस्तिकेतला एकूण भाराचा आकडा पाहावा. त्यातून स्वतःचे, मागे बसणाऱ्याचे आणि रिकाम्या पेट्या-कॅरिअरचे वजन वजा करावे. उरेल तेवढेच सामान भरावे.