जव्हारची कचेरी

जव्हार कसं वसलं ही गोष्ट आजी अंगण सारवता सारवता सांगायची, त्यामुळे ती मला सलग अशी कधी मिळालीच नाही. जव्हारच्या मुकणे राजघराण्याच्या मूळपुरुषाने म्हणे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. देणाऱ्याने आनंदाने हो म्हटलं. मग यांनी त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि डोंगरच्या डोंगर वेढून घेतला. देणारा कोण होता, हे आजी दर खेपेला वेगळं सांगे. आजोबा आतून ओरडत, "अगं, निदान तारीख तरी नीट सांग!" तारखेच्या बाबतीत ते कडक होते. दिल्लीच्या तुघलकाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली तो दिवस 5 जून 1343, आणि शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना शिर्पामाळावर जव्हारचे राजे विक्रमशहा यांना भेटले ते साल 1664. एवढं पाठ असल्याशिवाय आम्हा नातवंडांना खाऊ मिळत नसे. खाऊ म्हणजे बहुतेक वेळा गुळाचा खडा आणि मूठभर भाजलेले काजू.

आजोबा जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून होते. कारकून म्हणजे फार मोठा हुद्दा नव्हे, पण आमच्या घराचा ओटा कचेरीच्या वाटेवर होता, आणि त्या ओट्याला मान होता. मोखाड्याच्या बाजूने, खाली विक्रमगडाकडून माणसं पहाटे निघून चालत यायची. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी. कुणाचा जमिनीचा तंटा, कुणाची वाट अडलेली, कुणाचा बैल मेला म्हणून सूट हवी. कचेरी उघडायच्या आधी ती ओट्यावर टेकायची. आजी तांब्याभर पाणी द्यायची आणि मग विचारायची, "भाकर आणलीस का?" नागलीची भाकरी फडक्यात बांधलेली असायची. आजी तिच्यावर खुरासणीची चटणी वाढायची. पहिल्या पावसाचे दिवस असले की शेवळाची भाजी. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडं ही आंबट फळं घालावी लागतात, आणि ती काकडं कधीकधी ही येणारी मंडळीच घेऊन यायची. आजीने आयुष्यात शेवळं विकत घेतली नाहीत. ही भाजी आता ठाण्याच्या बाजारातही जुडीने मिळते, पण काकडं मागितली तर विकणारी बाई आधी माझ्याकडे बघते आणि विचारते, "गाव कुठलं, ताई?"

संध्याकाळपर्यंत काम झालं तर माणूस परत जाताना ओट्यावरून हाक मारायचा. नाही झालं तर ओट्यावरच झोपायचा. कचेरी जवळ असणं म्हणजे काय, हे मला त्या ओट्यावरून कळलं. काम लगेच होत असे असं कुणी म्हणणार नाही. वेठबिगारी आणि सावकारी त्या काळातही लोकांच्या मानेवर होतीच, राजाचं राज्य होतं म्हणून ती सुटली नव्हती. पण ज्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जायचं, तो माणूस एका दिवसाच्या चालीवर होता.

1948 साली संस्थान विलीन झालं. जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं, राजधानीचा तालुका झाला. आजोबांनी या गोष्टीबद्दल वाईट बोललेलं मला आठवत नाही. स्वराज्य आलं याचा त्यांना खरा आनंद होता. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे काँग्रेसकडून लोकसभेत गेले, तेव्हा आजोबांनी पेढे वाटले होते, असं आत्या सांगते. काका म्हणतो पेढे नव्हते, बुंदी होती. पण आजोबांना एक सल होता. कचेरीची दप्तरं ठाण्याला हलवली गेली. ती बैलगाडीतून गेली की मोटारीतून, यावर घरात आजही एकमत नाही. ती गेली तो दिवस मात्र आजीच्या लक्षात होता, कारण त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत.

त्यानंतरचं मोठं काम ठाण्याला. जव्हारहून ठाणं शंभरावर किलोमीटर. पहाटेच्या एसटीने विक्रमगड, वाडा, भिवंडी करत पोचेपर्यंत दुपार कलायची. माझे वडील शिक्षक, त्यामुळे पाड्यापाड्यावरची माणसं कागद घेऊन त्यांच्याकडे यायची आणि वडील त्यांच्याबरोबर जायचे. एकदा मीही गेले होते. पावसाळा होता. वडिलांच्या कापडी पिशवीत कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, आईने दिलेली काकडीची पानमोडी केळीच्या पानातच, आणि आमच्याबरोबर चांभारशेताकडचे एक म्हातारे बाबा. डोक्याला फडकं, खांद्यावर घोंगडी. ज्या कार्यालयात गेलो तिथले साहेब दौऱ्यावर होते. उद्या या, असं आम्हाला सांगितलं. बाबांनी काही वाद घातला नाही. रात्री स्टेशनच्या बाकावर आम्ही पानमोडी खाल्ली. बाबा वडिलांना एवढंच म्हणाले, "गुरुजी, ठाण्याला येवाचा म्हंजे दोन दिसाची मजुरी गेली." दुसऱ्या दिवशी सही झाली की नाही, ते मला आठवत नाही. बाबांनी पानमोडीचं पान घडी घालून खिशात ठेवलं होतं, ते लख्ख आठवतं.

मग 1992 साल आलं. आमच्या तालुक्यातल्या वावर-वांगणीची पोरं. शंभराहून जास्त मुलं कुपोषणाने आणि आजाराने गेली, आणि जव्हारचं नाव सगळ्या महाराष्ट्रात झालं, ते असं. आजी तेव्हा थकलेली होती. रेडिओवर बातमी लागली की ती उठून मागच्या दारी जाऊन बसायची. मंत्री आले, गाड्या आल्या, आणि त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय होतंच. आजोबा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटायचं. पण कचेरी परत यायला एवढी पोरं जावी लागली, हे कळून बरं वाटलं नसतं, असंही आता वाटतं.

ठाणे जिल्हा फार मोठा झाला होता, हे कुणीच नाकारणार नाही. 15 तालुके, सात महानगरपालिका आणि 2011 च्या जनगणनेत एक कोटी दहा लाखांवर माणसं. मुंब्र्याची गर्दी आणि मोखाड्याचा पाडा एकाच टेबलावर. विभाजन हवंच होतं. आणि विभाजन म्हणजे नव्या जिल्ह्याचं मुख्यालय जव्हारला, हे आमच्याकडे लहान मुलंही म्हणत. डोंगराळ आदिवासी तालुक्यांचं हे जुनं ठाणं, 1918 पासूनची नगरपालिका, पतंगशहा कुटीर रुग्णालय, संस्थानच्या काळापासूनची कारभाराची सवय. जून 2014 मध्ये निर्णय झाला तो पालघरचा. 1 ऑगस्टला पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला आणि जिल्हा परिषदही तिकडेच.

पालघरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मी दडवणार नाही. पश्चिम रेल्वे दारात आहे. दुग्धविकास खात्याची मोकळी सरकारी जमीन होती. आठ तालुक्यांपैकी वसईतच जिल्ह्याची निम्म्याच्या आसपास वस्ती, तिला जव्हारचा घाट चढायला लावणं अन्यायाचंच झालं असतं. खरं तर वसईकरांनाही पालघर नको होतं, आणि वाड्याच्या लोकांना ठाणं सोयीचं वाटत होतं. प्रत्येकाचं गाऱ्हाणं आपापल्या वाटेच्या लांबीचं.

पण जव्हारचा विरोध गावाच्या मानापानाचा होता, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला राग येतो. निवेदनं गेली, सभा झाल्या. त्या काळात आत्याकडे जेवायला गेले होते, तर तिच्या पंगतीत दुसरा विषय नाही. उडदाचं वरण, सुक्या बोंबलाचा खुडा, नागलीची भाकरी, आणि वाद. पुतण्या म्हणाला, "अगं, आता सगळं मोबाइलवर होतं, कचेरी कुठे का असेना." आत्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "अंगणवाडीत सेविका नाही, शाळेला मास्तर नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, हे मोबाइलवर कोणाला दाखवशील? साहेबाने डोळ्याने बघायला हवं." घरात कुणालाच त्यावर उत्तर देता आलं नाही. शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं, हे सगळं जिल्हा परिषदेच्या हातात. ज्यांना या गोष्टींची सगळ्यात जास्त गरज, त्या तालुक्यांपासून ती सगळ्यात लांब बसली.

जव्हारहून पालघर 70-75 किलोमीटर, मोखाड्याहून त्यात आणखी 25 च्या आसपास. ठाण्यापेक्षा जवळ, हे मान्य. पण मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालायचं, मग जव्हारची गाडी, मग विक्रमगड-मनोरमार्गे पालघर, आणि शेवटी शहराबाहेर कोळगावला जिल्ह्याची नवी इमारत. इमारत देखणी आहे. मी गेल्या वर्षी आत्याच्या पेन्शनच्या कागदासाठी गेले होते. ओसरीत एक बाई बसली होती, मांडीवर मूल, शेजारी फडक्यात भाकरी. मोखाड्याची होती. रात्री नातेवाईकाकडे मनोरला राहून सकाळी आली होती. मी विचारलं, जव्हारला नाही का होत हे काम? म्हणाली, "तिथला सायेब सांगं, पालघरला जा."

तिचा कागद जव्हारलाच निकाली निघायला हवा होता. जिल्ह्याचं मुख्यालय पुन्हा हलवा, असं मी आता म्हणत नाही. तेवढा पैसा रस्त्यांवर आणि दवाखान्यांवर लागावा. पण जिल्हा परिषदेच्या सगळ्या खात्यांचे अधिकारी आठवड्यातून ठरलेल्या वारी, सही करायच्या अधिकारासकट जव्हारला बसले, तर आत्याच्या पिढीचं अर्धं भांडण मिटेल. वार बाजाराचा असावा. त्या दिवशी डोंगरातली माणसं तशीही जव्हारला उतरतात, मजुरी बुडत नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी पोचता येतं.